कंट्रोलच्या तांदळात काय आहे, ते सांगा

मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा यांना खुले पत्र

बुलढाणा, ऑगस्ट २०२५

महोदय,

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग केस खरखरीत, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. जानेवारी संपेपर्यंत १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. शाळा-कॉलेजातली मुले तोंड लपवू लागली, जमत आलेल्या सोयरिकी अडल्या, आणि देशभरातले कॅमेरे गावच्या पारावर येऊन उभे राहिले.

शोध पाण्यापासून सुरू झाला. खारपाणपट्ट्यातले गाव म्हटले की सरकारी नजर आधी विहिरीकडे वळते, आणि त्यात गैर काही नाही. पूर्णा नदीकाठच्या खाऱ्या पाण्याबद्दल आणि मूत्रपिंडाच्या विकारांबद्दल या भागाची तक्रार जुनी आहे. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त सापडलेही. पण खारे पाणी पिढ्यान्‌पिढ्या होते आणि डोक्यावर केसही होते. बुरशीचा संशय आला, तोही पुरता पटेना. आयसीएमआरचे पथक येऊन रक्त, केस, पाणी, धान्य यांचे नमुने घेऊन गेले.

मग फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपले निष्कर्ष मांडले. महाडला राहून विंचूदंशावर आयुष्यभर संशोधन केलेले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळालेले हे डॉक्टर थेट गावांत आले होते. रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियमचे प्रमाण प्रचंड वाढलेले आहे आणि त्याचा उगम रेशनच्या गव्हात आहे, असे त्यांनी सांगितले. गव्हात किलोमागे सुमारे १४.५ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. एरवी ते जास्तीत जास्त दोनच्या आत असते. धुतलेल्या गव्हातही ते साडेतेराच्या पुढेच राहिले. म्हणजे वरून लागलेली ही धूळ नव्हती. गहू पंजाब-हरियाणाकडून आल्याचे त्यांचे म्हणणे होते, आणि पंजाबातल्या नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातली काही जमीन सेलेनियमने भरलेली आहे, हे तिथल्या कृषी शास्त्रज्ञांना १९८० च्या दशकापासून ठाऊक आहे. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असेच झाले होते. केस गेले, नखे गेली, आणि दोष धान्यातल्या सेलेनियमवर गेला. शेगाव तालुक्यातही एप्रिल २०२५ मध्ये नखे गळण्याच्या तक्रारी आल्या.

हे सारे आपल्या कार्यालयाला माहीत आहे. पत्राचा विषय मात्र गहू नाही. त्याच दुकानात, त्याच काट्यावर, गव्हाच्या शेजारच्या पोत्यातून जो पांढरा तांदूळ मापून दिला जातो, त्याचा हा विषय आहे.

त्या तांदळात काही विष आहे असा आरोप इथे करायचा नाही. उलट, त्यात सरकारने मुद्दाम काही चांगले घातले आहे. अडचण एवढीच, की ते खाणाऱ्याला कोणी सांगितलेले नाही. आणि ज्या जिल्ह्याने नुकतेच आपले केस धान्याच्या नावावर लिहिलेले पाहिले, तिथे न सांगितलेली चांगली गोष्टसुद्धा भीतीची होते.

कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा, तांदूळ पातेल्यात धुवायला घेतला की काही दाणे वर तरंगतात. रंगाने किंचित वेगळे, आकाराने जरा जास्तच एकसारखे. महाराष्ट्रात गेली काही वर्षे गावोगाव त्याला ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणतात. बाया ते दाणे वेचून बाजूला टाकतात. मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ त्या भीतीला खतपाणी घालतात, आणि दुकानदाराला विचारले तर तोही खांदे उडवतो, कारण त्याला तरी कोणी धड काय सांगितले आहे?

ते दाणे तांदळाचेच असतात. तुकडा तांदळाचे पीठ करून त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि जीवनसत्त्व बी-१२ मिसळायचे, आणि ते मळलेले पीठ यंत्रातून दाण्याच्या आकारात काढायचे, घरी साच्यातून शेवया काढाव्यात तसे. असे एक किलो दाणे शंभर किलो साध्या तांदळात मिसळतात. पिठापासून घडवलेला दाणा हलका असतो, म्हणून कधी कधी तरंगतो. याला सरकारी भाषेत फोर्टिफाइड तांदूळ म्हणतात. ठरवून दिलेले प्रमाण असे: किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम, बी-१२ पाऊण ते सव्वा मायक्रोग्रॅम. गडचिरोली हा याच्या प्रायोगिक योजनेतला महाराष्ट्राचा जिल्हा होता. १५ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून देशभरासाठी घोषणा केली, मार्च २०२४ पर्यंत रेशन, अंगणवाडी आणि शालेय पोषण आहारात हाच तांदूळ आला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२८ पर्यंतची मुदत आणि १७,०८२ कोटी रुपये मंजूर केले.

सतरा हजार कोटींच्या योजनेतला ऐवज बुलढाण्याच्या एखाद्या मोरीत वेचून टाकला जातो, तो केवळ एक फलक न लावल्यामुळे.

पोत्यावर छापलेले असते, असे उत्तर यावर मिळू शकते. असते खरे. पन्नास किलोच्या पोत्यावर ‘+एफ’ची खूण असते, गिरणीचे नाव असते. पण रेशनचे धान्य सुटे मिळते. बाई पिशवी पसरते, दुकानदार काट्यावरून ओततो, अंगठा लागतो, पावती निघते. पोते दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात असते आणि रिकामे झाले की विकले जाते. ज्याच्या पोटात तांदूळ जातो त्याच्या डोळ्यांसमोर त्यावरची अक्षरे कधीच येत नाहीत.

याच कारणाने एका इशाऱ्याचीही हीच गत झाली. २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांत, लोह मिसळलेल्या अन्नाच्या वेष्टनावर सूचना छापणे बंधनकारक होते: थॅलेसेमियाच्या रुग्णांनी ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे, सिकलसेलच्या रुग्णांनी टाळावे. पुढे केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सांगितले, की तांदळातून मिळणारे लोह इतके थोडे असते, की या रुग्णांना अपाय होतो असा पुरावा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने तसे जाहीरही केले; इशारा काढला गेला. दुसऱ्या बाजूने सामाजिक कार्यकर्ते याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. समितीचे बरोबर की कार्यकर्त्यांचे, हा वाद तज्ज्ञांनी लढावा. पण जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांवर, ज्या घरात सिकलसेलचे पोर आहे त्या घराला इशारा असतानाही तो कळला नाही आणि काढल्यावर तो का काढला हेही कळले नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. तपासणीची कार्डे वाटली जातात. ज्या घरात असे कार्ड आहे तिथे आशाताईने जाऊन दोन वाक्ये बोलणे, हे आपल्या एका पत्राने होण्यासारखे काम आहे.

आता मुळाशी जाऊ. या जिल्ह्याचे रोजचे अन्न तांदूळ कधी नव्हते.

विदर्भाचे जेवणाच्या ताटावरून दोन भाग पडतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा मुलूख. अमरावतीपासून पश्चिमेकडे सारे वऱ्हाड ज्वारीचे आणि कपाशीचे. इथे सकाळची भाकर, ठेचा, पिठले किंवा कांद्याची पात, आणि घाटाखाली खानदेशला लागून असलेल्या गावांत कळण्याची भाकर. भात असे तो सणाला, पाहुण्याला, आजाऱ्याला आणि पंगतीला. शेगावात २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज पहिल्यांदा लोकांच्या दृष्टीस पडले ते उष्ट्या पत्रावळींतली शिते वेचून खाताना, ही कथा इथल्या पोराटोरांना पाठ आहे. ती पंगत होती, म्हणून पत्रावळीवर शिते होती. महाराजांच्या नावाने आजही जो प्रसाद घरोघर रांधला जातो तो मात्र पिठले-भाकर आणि अंबाडीची भाजी.

शेतातून ज्वारी गेली त्याची कारणे ज्याला त्याला माहीत आहेत. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत निघते आणि रोख पैसा देते. ज्वारी पाखरे खातात, रानडुकरे लोळवतात, कापणी-खुडणीला मजूर मिळत नाही, आणि ऐन काढणीत पाऊस आला की कणीस काळे पडते. त्यात रेशनवर गहू-तांदूळ आधी स्वस्त आणि १ जानेवारी २०२३ पासून फुकट मिळू लागला. फुकटच्या तांदळाशी स्पर्धा करायला कोणत्या शेतकऱ्याने ज्वारी पेरावी? दोष तांदळाला देण्यात अर्थ नाही. बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी ज्यांनी नाक मुरडत खाल्ली, त्या पिढीला घरात तांदळाची पोती असण्याचे मोल कळते. उपाशी झोपणारी घरे या धान्याने कमी केली, हे कोणी नाकारू नये.

पण आकडे पाहिले की एक गंमत दिसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत १०० ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात लोह ०.६५ मिलिग्रॅम आहे, ज्वारीत ३.९५ आणि बाजरीत ६.४२. तंतू तांदळात तीन ग्रॅमच्या आत, ज्वारीत दहाच्या वर. प्रथिने तांदळात आठाच्या आसपास, ज्वारीत दहाच्या. आता तांदळात सरकार जे लोह मिसळते ते १०० ग्रॅममागे २.८ ते ४.२५ मिलिग्रॅम. बेरीज केली तर फोर्टिफाइड तांदूळ साडेतीन ते पाचच्या दरम्यान पोहोचतो. म्हणजे गिरणी, यंत्र, मिश्रण, वाहतूक एवढा खटाटोप करून तांदळाला जिथे नेऊन ठेवले, तिथे बुलढाण्याची ज्वारी कोणी काही न मिसळता आधीपासून उभी होती.

हा हिशेब फार ताणू नये. ज्वारीतल्या फायटेटमुळे तिच्यातले सगळे लोह अंगी लागत नाही. तांदळात मिसळलेले लोहही सगळे शोषले जात नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये जगभरच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा निष्कर्ष बेताचा निघाला: तांदळात लोह मिसळल्याने शरीरातली लोहाची कमतरता कदाचित घटते, हिमोग्लोबिन किंचित वाढते, पण रक्तक्षय असणाऱ्यांची संख्या फारशी हलत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के महिला आणि पाच वर्षांखालची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाची निघाली होती. एवढा मोठा खड्डा एका दाण्याने भरणार नव्हताच. बी-१२ भाकरीत नाही, साध्या तांदळातही नाही, आणि दूध-अंडी जिथे बेताचीच पोटात जातात तिथे या तांदळातला किलोमागचा पाऊण-सव्वा मायक्रोग्रॅम हा खरा फायदा आहे. तो दाणे फेकून देणाऱ्या घरापर्यंत पोहोचत नाही.

पोहोचला तरी तो चुलीवर वाया जाऊ शकतो. भात ओसवून पेज ओतून दिली तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पेजेबरोबर जातात. चारदा चोळून धुतला तरी तेच. पॉलिशच्या तांदळाने माणसाला काय होते, हे जगाला जावा बेटावर कळले. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांनी १८९० च्या दशकात तिथे पाहिले, की पांढऱ्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंड्यासकटच्या तांदळाने तो जातो. त्याबद्दल १९२९ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले. शंभर वर्षांनी तोच धडा रेशनच्या फलकावर एका ओळीत मावतो: तांदूळ एक-दोनदा हलका धुवा, मोजून पाणी घाला, पेज काढली तर प्या.

आणखी एक भीती शहरातून गावात आली आहे, ती साखरेची. बुलढाण्यात, खामगावात मधुमेहाचे निदान झाले की डॉक्टर पहिले वाक्य ‘भात बंद’ असे बोलतात. त्यामागे आधार आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ या २१ देशांतल्या १,३२,३७३ लोकांच्या अभ्यासात, रोज ४५० ग्रॅमपेक्षा जास्त शिजलेला पांढरा भात खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका जास्त आढळला आणि तो सर्वांत जास्त दक्षिण आशियात. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. पण कंट्रोलच्या तांदळाला हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी पाच किलो धान्य. गहू-तांदळाचे प्रमाण बदलत असते, तरी त्यात तांदूळ तीन किलो धरला तर तो रोज १०० ग्रॅम कच्चा, शिजून अडीचशे-तीनशे ग्रॅम. अभ्यासातल्या धोक्याच्या रेषेच्या तो आत आहे. प्रश्न मापाचा कमी आणि सोबतीचा जास्त आहे. त्या भाताबरोबर ताटात काय येते? पातळ कालवण, तिखट, आणि शेजारी त्याच रेशनच्या गव्हाची पोळी. पिष्टावर पिष्ट.

खिचडीत तांदळाचे उणे डाळ भरून काढते. तांदळात जे अमिनो आम्ल कमी, ते तुरीत आणि मुगात भरपूर. तूर आणि हरभरा या जिल्ह्याच्या मातीत पिकतात. अन्नसुरक्षा कायद्याच्या हक्काच्या धान्यात मात्र डाळ नाही. शाळेत पाचवीपर्यंतच्या मुलाला १०० ग्रॅम आणि त्यापुढे आठवीपर्यंत १५० ग्रॅम तांदळाचे माप ठरले आहे. तिथे निदान डाळ-भाजीचेही माप आहे. घरच्या पिशवीत ते नाही.

आणि ज्यांच्या पिशवीत तांदूळही नाही, त्यांचेही एक वाक्य इथे हवे. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होते, बुलढाणा त्यात आहे. २०२३ पासून त्याऐवजी खात्यात पैसे येतात. सुरुवातीला माणशी महिना १५० रुपये होते. दीडशे रुपयांत दुकानातली ज्वारी किती किलो येते, हे आपल्या पुरवठा विभागाने एकदा खामगावच्या बाजारात जाऊन मोजावे.

महोदय, यातले बरेचसे दिल्ली-मुंबईत ठरते, हे पत्र लिहिणाऱ्यांनाही माहीत आहे. तांदूळ फोर्टिफाइड असावा की नसावा, हे बुलढाण्याचे जिल्हाधिकारी ठरवत नाहीत. पण काही गोष्टी आपल्या सहीने होतात. प्रत्येक कंट्रोलच्या दुकानावर मराठीत, आणि सातपुड्याकडच्या दुकानांवर कोरकूतही, तांदळात काय मिसळले आहे आणि तो कसा शिजवावा हे लिहिता येते. गोदामात आलेल्या प्रत्येक साठ्याचा नमुना बाजूला राखून तो कोणत्या राज्यातून, कोणत्या गिरणीतून आला याची नोंद दुकानापर्यंत पोहोचवता येते; शेगावचा गहू नेमका कुठून आला, हे शोधायला इतके दिवस लागायला नकोत. अन्न व औषध प्रशासनाला सांगून गहू आणि तांदूळ दोन्हींची सेलेनियमसाठी अधूनमधून तपासणी करवून निकाल ग्रामपंचायतीत लावता येतो. तांदळाचा निकाल चांगला आला तर तोही लावावा. त्याची गरज जास्त आहे.

ज्वारीचे काम जरा अवघड आहे, पण अशक्य नाही. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य आहे. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला आहे. खरिपाची ज्वारी दिवाळीच्या आसपास बाजारात येईल तेव्हा खरेदी केंद्रे वेळेवर उघडली आणि ती ज्वारी साठवणुकीची मुदत संपण्याआधी याच जिल्ह्यात वाटली, तर निदान थंडीचे तीन-चार महिने तांदळाच्या वाट्यातून थोडी ज्वारी देता येईल. तसा प्रस्ताव शासनाकडे आपल्या कार्यालयातून जावा. जिल्ह्याचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आरोग्य राज्यमंत्री आहेत. दिल्लीचे दार ठोठवायला एवढी जवळची ओळख दर वेळी मिळत नाही.

२ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा आहे. शेगाव तालुक्यातल्या त्या १८ गावांच्या विषयपत्रिकेत, केस आणि नखे गळतीच्या तपासणीत आतापर्यंत काय निघाले याचे मराठीतून वाचन आणि रेशनच्या तांदळाची माहिती हे दोन विषय घालण्याचा आदेश आपल्याकडून निघावा, ही विनंती. त्या दिवशी पुरवठा निरीक्षकाने फोर्टिफाइड तांदळाचे एक पोते सभेत आणावे, त्यावरचे छापील वाचून दाखवावे, आणि विचारतील त्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत.

कळावे,

जिल्ह्यातील शिधापत्रिकाधारक